टेक्निकल इंटरव्ह्यूमध्ये डोकं ब्लँक होतं? आधी मोठ्याने विचार करायला शिका

गेली काही वर्षं मी इंटरव्ह्यू घेतोय आणि माझ्या अनुभवात उत्तर चुकलं म्हणून जेवढे लोक जातात त्यापेक्षा जास्त गप्प बसल्यामुळे जातात. प्रश्न दिला की समोरचा स्क्रीनकडे एकटक बघत बसतो, दहा मिनिटं तोंडातून शब्द नाही, डोक्यात भारी विचार चालू असतीलही पण मला कसं कळणार? मदत करावीशी वाटते पण गाडी कुठे अडलीये तेच समजत नाही. मी स्वतः पहिल्या इंटरव्ह्यूत हेच केलं होतं, म्हणून सांगतोय.

समजा प्रश्न आला की एक ॲरे, म्हणजे आकड्यांची यादी आहे, एक टार्गेट आहे, कोणत्या दोन आकड्यांची बेरीज टार्गेटएवढी होते ते शोधा. लगेच टाईप करायला घेऊ नका. आधी विचारा, आकडे निगेटिव्ह असू शकतात का, ॲरे सॉर्टेड, म्हणजे क्रमाने लावलेला आहे का, एकच आकडा दोनदा येऊ शकतो का, जोडी सापडलीच नाही तर काय रिटर्न करायचं. हे विचारण्यात दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात आवाज स्थिर होतो, धडधड कमी होते, कारण आता तुम्ही परीक्षा देत नसता, समोरच्याशी बोलत असता.

मग साधा उपाय सांगून टाका, दोन लूप लावून प्रत्येक जोडी तपासायची, ओ ऑफ एन स्क्वेअर, म्हणजे आकडे दुप्पट झाले तर काम साधारण चौपट, चालेल पण स्लो. साधं सांगायला लाजू नका हो, हातात काहीतरी चालणारं आहे म्हटलं की टेन्शन निम्मं होतं. त्यानंतर हॅशमॅप, म्हणजे आधी आलेले आकडे पटकन शोधता येतील असे साठवायचे आणि प्रत्येक आकड्यापाशी बघायचं की टार्गेट वजा हा आकडा आधी येऊन गेलाय का, एकाच फेरीत काम होतं, मेमरी मात्र जास्त लागते आणि हेही बोलून दाखवा. कोड झाला की "झालं" म्हणून हात वर करू नका, छोटं उदाहरण घेऊन ड्राय रन करा, म्हणजे कोड न चालवता एकेक ओळ हाताने तपासा. ॲरे ३, ४, २ आणि टार्गेट ६ घ्या. आकडा आधी मॅपमध्ये टाकून मग शोधलं तर पहिला ३ स्वतःशीच जोडी लावून मोकळा होतो! आधी शोधायचं, मग टाकायचं. अशी चूक स्वतःच पकडली तर माझ्या मनात तुमचे मार्क वाढतात, कमी होत नाहीत.

आणि चुका होतातच. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्येसुद्धा (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधला आकडा बघून अर्धी यादी सोडून देत शोधणं) कित्येक वर्षं बग होता, मधली जागा काढायला लो आणि हाय, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेची बेरीज करून दोनने भागायचं तर ॲरे खूप मोठा असला की ती बेरीजच इंटमध्ये, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतचाच पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारात, मावायची नाही, २००६ साली ते जगासमोर आलं. तेव्हा एक इंडेक्स चुकला म्हणून खचून जाऊ नका.

खरंच अडलात तर "इथपर्यंत जमलंय, इथे अडलोय, आता हे करून बघतो" एवढं म्हणा, हिंट मिळाली तर घ्या. माहीत नसेल तर सरळ "हे मी वापरलेलं नाही, पण माझा अंदाज असा" म्हणा, थाप दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते. रेझ्युमेवरच्या प्रोजेक्टचंही तेच, टीमने काय केलं ते थोडक्यात आणि तुम्ही स्वतः काय केलं ते नीट सांगा.

कॉल सुरू व्हायच्या आधी दोन-तीन मिनिटं हळू श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा, श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंद होतात.

बाकी तयारीचं म्हणाल तर नुसते प्रश्न सोडवून उपयोग नाही, बोलत बोलत सोडवा. ऑटोकम्प्लीट बंद करा, टायमर लावा, मोबाईलवर स्वतःला रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका, पहिल्यांदा फार विचित्र वाटतं पण कुठे अडखळता ते तिथेच कळतं. एखादा मित्र समोर बसायला तयार असेल तर अजून उत्तम, फक्त त्याला सांगून ठेवा की मी गप्प झालो की लगेच टोक.

शेवटी "काही विचारायचंय का" म्हटल्यावर "नाही" म्हणू नका. कोड रिव्ह्यू कसा होतो, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टीममध्ये, काही बंद पडलं तर कोण बघतं, नवीन माणसाला पहिल्या महिन्यात काय काम देता, असं जे खरंच जाणून घ्यायचंय ते विचारा, तिथे काम तुम्हालाच करायचंय.