शॉवरची भिंत: आवाज आणि ओल, दोन्हींचा बंदोबस्त
शॉवरचा आवाज पलीकडच्या खोलीत जात असेल, तर टाइल्स बसवण्याआधीच इलाज करा. नंतर तोडफोडीशिवाय मार्ग नसतो. फ्रेमच्या भिंतीच्या, म्हणजे सांगाड्यावर बोर्ड ठोकून केलेल्या भिंतीच्या पोकळीत रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकरीसारखी तंतूंची गादी) भरा. थर्माकोल नको, त्याची छिद्रं बंद असल्याने तो आवाज फारसा शोषत नाही. शॉवरच्या बाजूला साधा जिप्सम बोर्ड मुळीच लावू नका, सिमेंट बोर्डच घ्या.

टाइल्स लावल्या की वॉटरप्रूफिंग झालं, हा गैरसमज फार महागात पडतो. टाइल्सच्या फटींत भरलेल्या साध्या सिमेंट ग्राउटमधून पाणी झिरपतंच. खरं काम टाइल्समागच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं. बोर्डाच्या सांध्यांवर आणि कोपऱ्यांत आधी टेप लावा, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. हा थर देणार असाल तर बोर्डामागे प्लास्टिकचा कागद घालू नका. दोन्हींच्या मध्ये ओल कोंडते.

पाइप भिंतीबाहेर येतो तिथली फट सर्वांत दगाबाज. तिथून पाणीही शिरतं आणि आवाजही निसटतो. ती सिमेंटने नाही, लवचिक सीलंटने बुजवा. पाइप फ्रेमला थेट टेकवू नका, रबर असलेल्या क्लॅम्पमध्ये पकडा; नाहीतर भिंत भरूनही पाइपची घरघर ऐकू येत राहील.