निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष : घरातील ऊन, साय आणि कुंड्या

पेन्शनची फाइल, ग्रॅच्युइटी, रजारोखीकरण आणि दर नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला यांची माहिती नव्याने निवृत्त होणाऱ्यांना असतेच, आणि नसल्यास कार्यालयातील एखादा जुना सहकारी ती आनंदाने देतो. मला लिहायचे आहे ते त्यानंतर उरणाऱ्या दिवसाविषयी, म्हणजे सकाळी दहा ते सायंकाळी सहा या वेळेविषयी, जी आजवर आपली नव्हतीच. वयाच्या ५८ व्या वर्षी शासकीय लेखा शाखेतून मी निवृत्त झाले, तेव्हा आमच्या पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा कोपरा न् कोपरा मला ठाऊक आहे असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात मला ठाऊक होते ते डबे भरण्याच्या गडबडीतले सकाळचे घर आणि दिवे लागल्यानंतरचे घर. मधल्या दुपारचे घर मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा नीट पाहिले नव्हते, कारण सुट्टीच्या दुपारी आठवड्याची साठलेली कामे असत.

पहिले काही आठवडे जड जातात. सकाळी दहाच्या सुमारास हात रिकामे पडतात, आणि आपली कुणाला गरज उरली नाही असे मनात येते. हे सर्वांनाच होते आणि ओसरते, एवढे मी खात्रीने सांगू शकते. मात्र याच दिवसांत एक गोष्ट कठोरपणे करावी लागते. ‘आता घरीच आहात ना’ या वाक्याला पहिल्याच महिन्यात उत्तर द्यावे. कुरिअर घेणे, शेजारच्यांच्या किल्ल्या सांभाळणे, सोसायटीचे हिशेब, नातवंडांची शाळेची ने-आण यांतले जे मनापासून आवडते ते अवश्य घ्यावे, पण दुपारचे दोन तास कुणालाही देऊ नयेत. विशेषतः स्त्रियांनी हे ऐकावे, कारण आपली निवृत्ती म्हणजे घराला मिळालेली पूर्णवेळ मदत असाच अर्थ बहुतेक घरांत काढला जातो, आणि एकदा बसलेली घडी पुढे मोडता येत नाही.

त्या दोन तासांत मला पहिला शोध लागला तो उन्हाचा. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला झुकलेला असतो, आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवून पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. त्यामुळे हिवाळाभर काळवंडलेली वाटणारी आमची उत्तरेची बाल्कनी उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरप्या उन्हाने भरते, आणि दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरात जे ऊन थेट जेवणाच्या टेबलापर्यंत येते ते एप्रिलमध्ये खिडकीच्या चौकटीवरच थांबते. भूगोलाच्या पुस्तकात हे सर्वांनीच वाचलेले असते, पण स्वतःच्या फरशीवर ती रेघ सरकताना पाहण्याचा आनंद वेगळा आहे. मी फरशीवर खडूने खूण करून कालनिर्णयाच्या चौकटीत तारीख आणि वेळ टिपू लागले. त्या नोंदींवरूनच वाचनाची खुर्ची केव्हा कुठे हलवायची, गाद्या-उशा कोणत्या महिन्यात कुठे वाळवायच्या आणि कुंड्या कुठे ठेवायच्या हे ठरते. पहिल्या वर्षी दुसरे काही जमले नाही तरी एवढी नोंद अवश्य ठेवावी.

दुसरा शोध तुपाचा. नोकरीच्या काळात मी तूप विकतच आणत असे आणि साय मुलांच्या पोळीवर संपत असे. आता सायीला विरजण लावून ती फ्रीजमध्ये साठवते आणि आठवड्याच्या शेवटी रवीने घुसळते. उन्हाळ्यात लोणी वर येत नसेल तर बर्फाचे पाणी घालावे, कारण स्निग्धांश गार असला तरच त्याचे कण एकमेकांना धरून गोळा होतात. उबदार ताकात ते लिबलिबीत होऊन विखुरलेले राहतात. लोणी गार पाण्याने दोन-तीनदा धुतले की आंबटपणा निघून जातो. पण खरी गंमत कढवताना आहे, कारण तूप झाले हे डोळ्यांच्या आधी कानांना कळते. लोण्यात पाणी असते तोवर पातेल्यातून मोठा तडतडाट ऐकू येतो; पाणी उडून जाऊ लागले की तो मंदावतो, मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस येतो आणि आवाज जवळजवळ थांबतो. त्याच वेळी विड्याचे पान टाकावे आणि बेरी बदामी होताच गॅस बंद करावा, कारण पातेल्याच्या उष्णतेने ती पुढेही थोडी शिजत राहते. भांडे फ्रीजमध्ये न ठेवता ओट्यावरच सावकाश निवू द्यावे, म्हणजे तूप रवाळ होते. बेरीत साखर मिसळून ती गरम पोळीवर घ्यावी. तूप कढत असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तो तडतडाट ऐकत नुसते उभे राहता येणे हे निवृत्तीने दिलेले सुख आहे, आणि ते मी आता कुणालाही वाटून देत नाही.

आता ज्या सापळ्यात मी अडकले त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण नव्याने निवृत्त झालेला माणूस त्यात हमखास सापडतो. तो सापळा म्हणजे कुंड्यांना पाणी घालणे. नोकरी करणाऱ्याच्या घरातली झाडे अनेकदा तहानेने मरतात, तर निवृत्ताच्या घरातली बहुतेक पाण्याने मरतात. हाताशी वेळ असतो, जीव लावायला काहीतरी हवे असते, आणि सकाळी, दुपारी, चहानंतर असे तांब्या-तांब्याने पाणी घातले जाते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती मऊ पडून कुजू लागतात, आणि कुजलेली मुळे पाणी वर ओढू शकत नाहीत. पाणी वर न गेल्यामुळे पाने मलूल होऊन खाली झुकतात, म्हणजे तहानलेल्या झाडाची पाने जशी दिसतात अगदी तशीच. आपण ती पाहतो, कळवळतो आणि आणखी पाणी घालतो. माझी सासूबाईंच्या हातची तुळस अशीच गेली, आणि तिची आठवण अजून सलते.

म्हणून पान झुकलेले दिसले की आधी मातीत बोट घालावे, दुसऱ्या पेरापर्यंत. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून फसू नये, कारण खालची माती बरेच दिवस ओली असू शकते. बोटाला ओल लागली आणि तरीही पान झुकलेले असेल, तर ती तहान नाही. पाणी थांबवावे, कुंडीखालच्या ताटलीतले पाणी ओतून टाकावे आणि तळाचे भोक बुजले आहे का ते पाहावे. खालची पाने पिवळी पडून गळू लागली असतील आणि मातीला कुबट वास येत असेल, तर झाड अलगद बाहेर काढून तपकिरी, मऊ झालेली मुळे कापावीत आणि नव्या, भुसभुशीत मातीत लावून काही दिवस सावलीत ठेवावे. माती कोरडी असेल तर भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत एकदाच पोटभर घालावे आणि मग पुन्हा कोरडी होईपर्यंत हात आवरावा. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी मऊ पानांची झाडे माती ओली असतानाही माना टाकतात, कारण पानांतून पाणी उडते त्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत. अशा वेळी संध्याकाळपर्यंत थांबावे, ती आपणहून उठतात. पुण्याच्या आसपासची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर भेगाळते, म्हणून कुंडीत ती एकटी कधी भरू नये. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडे कोकोपीट असे मिश्रण करावे. प्लास्टिकपेक्षा भाजलेल्या मातीची कुंडी बरी, कारण तिच्या अंगातूनही पाणी उडते. पावसाळ्यात छपराखालच्या कुंड्यांना पाणी लागते आणि उघड्यावरच्या कुंड्यांना लागत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

एखादी कुंडी गेली म्हणून खचू नये. माझ्या ओळखीत उत्तम बाग राखणाऱ्या प्रत्येकाने झाडे गमावलेली आहेत.

हे सर्व कुणाकडून शिकावे, याविषयी माझे मत ठाम आहे. तीस सेकंदांच्या व्हिडिओंवरून शिकू नये; त्यांत झाड हिरवेगार झालेले दिसते, पण मधले महिने दिसत नाहीत आणि ती बाल्कनी कोणत्या दिशेची होती हेही कळत नाही. ओल मोजणारी यंत्रे, पानांवर फवारायची महागडी द्रव खते आणि नर्सरीतून एका फेरीत आणलेल्या ढीगभर कुंड्या यांवर निवृत्तीच्या पहिल्या वर्षी एक रुपयाही खर्च करू नये. चांगला गुरू ओळखण्याची खूण अशी की तो आधी प्रश्न विचारतो. आमच्या इमारतीच्या माळीकाकांनी मला पहिला प्रश्न ‘ऊन किती वाजेपर्यंत असतं?’ असा विचारला, तर एका दुकानदाराने काहीही न विचारता माझ्या हातात खताची पिशवी ठेवली. लोणी का निघत नाही हे मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एका वाक्यात सांगितले. अशा माणसांना पदवीधरांनी संकोच न बाळगता विचारावे.

सुरुवात एकाच कुंडीने करावी, आणि माझ्या मते ती ओव्याच्या पानांची असावी. तिचे रोप विकत घ्यावे लागत नाही. शेजाऱ्यांकडून वीतभर फांदी मागून घ्यावी, खालची पाने काढून ती मातीत खोचावी, म्हणजे तिला मुळे फुटतात. जाड पानांत ती पाणी साठवते, त्यामुळे चार दिवस गावी गेलात तरी ती तग धरते. सकाळचे कोवळे ऊन तिला पुरते. रोप पसरू लागले की शेंडे खुडत जावेत, म्हणजे ते दाट होते, आणि खुडलेली पाने वाया जात नाहीत, त्यांची भजी करावीत. बेसनात थोडे तांदळाचे पीठ, तिखट, मीठ, हळद आणि चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घालावे, पीठ पानाला चिकटेल इतपतच सैल ठेवावे आणि पाने धुऊन अगदी कोरडी पुसून मगच त्यात बुडवावीत. पानांना ओल राहिली तर तेल उडते आणि पीठ सुटते.