मोटारबोट सुरू केली? आधी मागची धार बघा

तापीवरच्या हतनूर धरणात गाळ किती, हे भुसावळकरांना सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या पोटात हाच गाळ शिरतो. म्हणून इंजिन सुरू होताच मागे बघा: इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक पण जोरकस धार बाहेर पडत असली पाहिजे. ती थेंबथेंब येत असेल तर इंजिन लगेच बंद. काठ दिसतोय म्हणून रेटू नका. मी एकदा रेटलं आणि खिसा रिकामा करून बसलो.

सेफ्टीची दोरी (ती निघाली की इंजिन चालत नाही) काढून इंजिन वर उचला. पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीत शेवाळ किंवा कॅरीबॅग अडकलीय का बघा. धारेच्या भोकात जाड तंगूसचा तुकडा घालून फिरवा, बहुतेकदा मातीचा बोळाच निघतो. तरी धार नाही? मग पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बघा. पाती तडकली किंवा वाकून तशीच राहिली असतील, तर बदलायचा.

आणि अंगणात ‘चालतंय का बघू’ म्हणून इंजिन कोरडं फिरवू नका, इंपेलर जळतो. जाळी बुडेल एवढ्या पाण्याच्या पिंपात, न्यूट्रलवरच सुरू करा.