जुना स्वेटर उसवून त्याची लोकर पुन्हा विणायला कशी घ्यावी

बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात एखादा जाड, चांगल्या लोकरीचा स्वेटर असेल तर तो बाजूला काढा. कोपराला भोक पडलं किंवा माप बसेना म्हणून टाकलेल्या स्वेटरमधली बहुतेक लोकर धडधाकट असते. असे जुने कपडे पानिपतच्या कारखान्यांत गेले की यंत्रावर फाडून त्यांचे तंतू मोकळे केले जातात. त्यात तंतू तुटून आखूड होतात, म्हणून त्या सुताची मुख्यतः जाडीभरडी ब्लँकेटं निघतात. हाताने उसवलं तर तंतू आखूड होत नाहीत आणि त्याच लोकरीचा पुन्हा स्वेटर होतो. मात्र जुना स्वेटर उसवता येईल अशा पद्धतीने मुळात जोडलेला हवा.

आधी शिवण, मग रंग

स्वेटर उलटा करा आणि काखेपासून खाली येणारी शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहा. कडेवर तीन-चार बारीक दोऱ्यांची दाट नागमोडी शिलाई दिसली तर ते ओव्हरलॉक. टेलर यालाच इंटरलॉक म्हणतात. असा स्वेटर विणलेल्या सलग कापडातून कापून शिवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक ओळ दोन्ही कडांना तुटलेली असते. उसवायला घेतलं की शेकडो आखूड तुकडे निघतात. कितीही सुंदर रंग असला तरी तो परत ठेवा.

आपल्याला हवी ती शिवण वेगळी दिसते. तिथे दोन भागांच्या अखंड, गुळगुळीत कडा शेजारी-शेजारी असतात आणि त्यांना एकच साखळी जोडते. बाह्यांच्या आणि मुंढ्याच्या कडेला टाके कमी केल्याच्या तिरप्या खुणा दिसल्या तर निर्धास्त घ्या, भाग मापानेच विणलेले आहेत.

आणखी तीन गोष्टी तपासा. कापड आटून नमद्यासारखं घट्ट झालं असेल तर टाके एकमेकांत अडकलेले असतात, ते सुटत नाहीत. मोहेरसारखी केसाळ लोकर उसवताना पावलोपावली तुटते. आणि यंत्रावरचा फार बारीक विणीचा स्वेटर घेतला, तर दोन-तीन पदर एकत्र घेतल्याशिवाय हातविणीला पुरेशी जाडी येत नाही.

लेबल नसेल तर आतल्या शिवणीजवळचा धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. अस्सल लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढताच विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. हे आत्ताच कळायला हवं, कारण पुढची धुलाई त्यावर ठरते.

कसरीची शंका असेल तर स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश) ठेवा. कसरीने खाल्लेल्या स्वेटरचा धागा जागोजागी तुटलेला असतो, तो घ्यायचा की नाही हे उजेडासमोर धरून ठरवा.

सोडवण्याचा क्रम

प्रथम वजन करून लिहून ठेवा. मग गळपट्टी, बाह्या, बाजूच्या शिवणी आणि शेवटी खांदे या क्रमाने भाग सुटे करा. खांद्यात बऱ्याचदा पट्टी घातलेली असते, ती आधी काढा. टोकदार कात्रीने शिवणीचा एकच टाका कापा आणि दोरा ओढा. ही साखळी धान्याच्या पोत्याच्या तोंडाच्या शिवणीसारखी असते: योग्य टोकाकडून सरकन सुटते, उलट टोकाकडून जागची हलत नाही. अडली की ओढाताण न करता दुसरं टोक गाठा. इथे घाईत विणीचा धागा कापला गेला तर तुकडे पडायला सुरुवात होते, म्हणून कात्री घालण्याआधी दोरा सुईने उचलून खात्री करा.

आता प्रत्येक भाग उसवायचा. सुरुवात नेहमी विणकाम जिथे संपलं त्या टोकाकडून करावी लागते. सुलट टाक्याचा आकार इंग्रजी व्हीसारखा दिसतो. व्हीचं टोक ज्या बाजूला ती टाके घातल्याची बाजू, आणि उघडं तोंड ज्या बाजूला तिकडून धागा सुटतो. पुढच्या भागात गळ्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या उसवाव्या लागतात आणि तिथे तुकडे निघणारच. गळ्याच्या तळाखाली आलात की धागा सलग धावतो. बाहीच्या मनगटात बारीक इलॅस्टिक विणलेलं असेल तर तो पट्टा सरळ कापून टाका.

सुटलेला धागा लगेच गुंड्यात गुंडाळू नका, त्याच्या नागमोडी वळ्या तशाच बसतात. खुर्चीच्या पाठीभोवती सैलसर गुंडाळत लडी करा आणि सुती दोऱ्याने चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. लडीचा एक वेढा मोजून वेढ्यांच्या संख्येने गुणलात की लांबी मिळते. कोपराकडचा झिजलेला धागा वेगळा ठेवा. वीतभर धागा दोन हातांत ताणून सहज तुटला तर तो उशीत भरायचा, विणायचा नाही.

वळ्या काढणं

लोकरीची लडी कोमट पाण्यात (३० ते ३५ अंश) लोकरीचे कपडे धुण्याचं लिक्विड किंवा रिठ्याचं पाणी घालून अर्धा तास बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका. खळबळ आणि पाण्याच्या तापमानातला अचानक फरक, या दोन्हींनी लोकर आटते. खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट घ्या. टॉवेलात दाबून सावलीत टांगा. खाली वजन लावायचं तर पाव लिटरच्या पाण्याच्या बाटलीहून जास्त नको. जड वजनाने धागा ताणून वाळतो आणि नवा स्वेटर पहिल्या धुण्यात आखडतो. पावसाळ्यात हे काम काढू नका, लडी दोन-दोन दिवस ओली राहून कुबट होते.

अ‍ॅक्रिलिकच्या वळ्या पाण्याने पुरत्या जात नाहीत. थोडी वाफ लागते, पण इस्त्री धाग्याला न टेकवता. वाफ जास्त झाली तर अ‍ॅक्रिलिक कायमचं लुळं पडतं.

पुन्हा विणताना

वाळलेला धागा पट्टीवर न ताणता शेजारी-शेजारी गुंडाळा. अडीच सेंटिमीटरमध्ये १२ ते १४ वेढे बसले तर ८ नंबरच्या (४ मिमी) सुया, १५ ते १८ बसले तर १० नंबरच्या (३.२५ मिमी) घेऊन पाहा. १५ सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून, धुऊन, मगच टाके मोजा. मूळ वजनात पाचवा हिस्सा घट धरा. मोठ्यांच्या ४०० ग्रॅमच्या स्वेटरमधून पाच वर्षांच्या मुलाचा स्वेटर आरामात निघतो.

खांद्याकडची लोकर उन्हाने फिकटलेली असते. दोन लड्या दर दोन ओळींनी आलटून-पालटून विणा, म्हणजे पट्टा दिसत नाही. जोड देताना अस्सल लोकरीची दोन टोकं पाच-सात सेंटिमीटर उकलून एकमेकांवर ठेवा, पाण्याने ओली करा आणि तळहातांत जोरात चोळा. गाठीशिवाय एकजीव होतात. मशीनमध्ये धुता येणारी लोकर आणि अ‍ॅक्रिलिक असं जुळत नाही, तिथे टोकं विणीत ओवून घ्या.

हा स्वेटरही पुढे कधीतरी उसवायचा आहे, हे धरूनच तो विणा. गळ्याकडून खाली विणलात तर अंगाची आणि बाह्यांची लांबी दरवर्षी दोन-तीन सेंटिमीटरने वाढवता येते. शिवण त्याच लोकरीने घाला आणि टोकं १५ सेंटिमीटर लांब सोडून ओवा, म्हणजे पुढे ती सापडतात. दहा-पंधरा ग्रॅम लोकर रफूसाठी राखून ठेवा आणि स्वेटर धुवाल तेव्हा तीही सोबत धुवा, नाहीतर दोन वर्षांनी रफू वेगळ्या रंगाचं दिसेल.