होलोकॉस्टवर रील करायचं आहे? आधी एक नाव शोधा

लंडनच्या लिली एबर्ट टिकटॉकवर आल्या तेव्हा ९७ वर्षांच्या होत्या. होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहारात, १९४४ साली हंगेरीतून त्यांना जर्मनव्याप्त पोलंडमधल्या ऑशविट्झच्या छळछावणीत नेलं गेलं. आई आणि दोन धाकटी भावंडं तिथेच मारली गेली. लॉकडाउनच्या काळात त्यांचा शाळकरी पणतू डव्ह फोरमन फोन समोर धरायचा आणि लिलीआजी जगभरातल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या. मुलं हातावर गोंदलेल्या नंबराबद्दल विचारत, छावणीतल्या खाण्याबद्दल विचारत. त्या खात्याला सुमारे २० लाख फॉलोअर्स मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या १०० व्या वर्षी, लिलीआजी गेल्या.

स्वतः सांगू शकणारे लोक आता थोडेच उरले आहेत. त्यामुळे हे सांगण्याचं काम डव्हच्या वयाच्या मुलामुलींकडे आलं आहे, आणि मराठीत ते करणारे फारच कमी आहेत. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद असलं, तरी इन्स्टाग्राम आणि यूट्यूब शॉर्ट्स आहेत. मोबाइल, थोडा निवांत वेळ आणि पुष्कळ काळजी एवढ्यावर सुरुवात करता येते.

पहिली पायरी: एक माणूस निवडा

‘साठ लाख ज्यू मारले गेले’ हे वाक्य खरं आहे, पण त्यावर बेतलेला व्हिडिओ लोक दोन सेकंदांत पुढे ढकलतात. एवढी मोठी संख्या डोळ्यांसमोर येतच नाही. म्हणून एक मुलगी, एक शिंपी, एक शिक्षक, असं कुणीतरी एक निवडा. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेकडे मारल्या गेलेल्यांच्या नावांची मोठी यादी आहे आणि ती ऑनलाइन कुणालाही चाळता येते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमचा ज्ञानकोशही फुकट आहे. त्यातले काही लेख हिंदीत असल्यामुळे इंग्रजीची अडचण असणाऱ्यांनाही तो वापरता येतो.

व्यक्ती निवडली की तिचं गाव, घरच्यांचा कामधंदा आणि भावंडं शोधा. मरणाआधीचं जगणं सापडलं नाही, तर ती व्यक्ती बाजूला ठेवून दुसरी घ्या. ज्याचं फक्त मरणच आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याबद्दल साठ सेकंद बोलायला आपल्याकडे काही नसतं.

दुसरी पायरी: फोटो कोणी काढला, ते विचारा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

१९४४ च्या मे-जूनमध्ये हंगेरीच्या ताब्यातल्या भागातून ज्यूंच्या गाड्याच्या गाड्या ऑशविट्झ-बिर्केनाउला येत होत्या. गाडीतून उतरणारे लोक, कोणाला कामाला ठेवायचं आणि कोणाला लगेच मारायचं याची फलाटावरची निवड, गॅस चेंबरकडे निघालेल्या बायका आणि मुलं या सगळ्याचे फोटो एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या, माणसांनी काढले आणि अल्बममध्ये नीट चिकटवले. युद्ध संपताना लिली जेकब नावाची तरुणी दुसऱ्या एका छावणीत, डोरामध्ये, आजारी पडली होती. एसएसच्या रिकाम्या बराकीत तिला तो अल्बम सापडला. पानं उलटताना तिला स्वतःच्या गावचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) दिसले, नातेवाईक दिसले आणि दोन धाकटे भाऊ दिसले, झ्रिल आणि झेलिग. १९८० मध्ये तिने अल्बम याद वाशेमला दिला.

त्या दोन भावांचा फोटो तुम्ही रीलमध्ये घेतलात, तर बघणाऱ्याला दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे त्या मुलांची नावं. दुसरी म्हणजे कॅमेरा त्यांना मारणाऱ्यांच्याच हातात होता. ही दुसरी गोष्ट गाळलीत, तर त्या मुलांकडे आपणही एसएसच्याच नजरेतून बघत राहतो.

याच्या अगदी उलट असे चार फोटोही आहेत. १९४४ च्या उन्हाळ्यात बिर्केनाउमध्ये प्रेतं जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या ज्यू कैद्यांनी ते जिवावर उदार होऊन चोरून काढले आणि फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये लपवून बाहेर पाठवली. काही फोटो तिरके आहेत, धूसर आहेत. ते सरळ करू नका, कडा कापू नका, फिल्टर लावू नका. फोटो घेणाऱ्याला किती लपावं लागलं, ते त्या तिरकेपणातच दिसतं.

आणि एआय. २०२५ मध्ये ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयाने जाहीरपणे सावध केलं, की फेसबुकवरची काही पानं एआयने बनवलेले चेहरे आणि मनाने रचलेल्या कहाण्या खऱ्या बळींच्या म्हणून टाकत आहेत. हे मला फार चीड आणणारं वाटतं, कारण होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. एक खोटा फोटो सापडला की ते सगळंच खोटं म्हणायला मोकळे. म्हणून फोटो मिळाला की उलट शोध घ्या, म्हणजे चित्रावरून तो आधी कुठे आला होता ते तपासा. एखाद्या संग्रहालयाच्या किंवा अभिलेखागाराच्या पानापर्यंत पोहोचता आलं नाही, तर तो वापरू नका. स्वतः एआयचं चित्र तर अजिबात बनवू नका, खाली बारीक अक्षरात ‘काल्पनिक’ लिहिलंत तरी.

तिसरी पायरी: लिहून काढा, मग बोला

नव्वद सेकंदांसाठी साधारण दोनशे शब्द पुरतात. सुरुवात अशी नको: ‘इतिहासातलं सगळ्यात काळं पान, जे पाहून तुमच्या अंगावर काटा येईल!’ अशी करता येईल: ‘या दोन भावांची नावं झ्रिल आणि झेलिग. १९४४ साली हा फोटो काढला गेला तेव्हा ते ऑशविट्झच्या फलाटावर उभे होते. फोटो काढणारा त्यांना इथे आणणाऱ्यांपैकीच एक होता. त्यांची मोठी बहीण वाचली, म्हणून आज आपल्याला त्यांची नावं माहीत आहेत.’

काटा येईल की नाही, ते बघणाऱ्यावर सोडा. आवाज रोजचाच ठेवा. मागे रडवणारं संगीत नको, ट्रेंडिंग गाणं तर नकोच. प्रेतांचे ढीग दाखवू नका. त्यातल्या अनेकांना विवस्त्र करून मारलं होतं, आपण त्यांना पुन्हा तसं कुणाच्या फीडमध्ये का टाकायचं? शेवटी माहिती आणि फोटो कुठून घेतला ते स्क्रीनवर वाचता येईल इतका वेळ ठेवा.

अभिनय नको

२०२० मध्ये टिकटॉकवर काही मुलांनी चेहऱ्यावर जखमा रंगवून, बळीच्या वेशात ‘मी स्वर्गातून बोलतेय’ अशा धाटणीचे व्हिडिओ केले. ऑशविट्झच्या संग्रहालयाने ते दुखावणारे असल्याचं सांगितलं, पण मुलांना झोडपण्याऐवजी शिकवायला हवं असंही म्हटलं. हेतू बहुतेकांचा चांगलाच असणार. तरीही ज्याने भोगलं त्याच्या जागी आपला मेकअप केलेला चेहरा येतो, आणि लोक अभिनयाबद्दल बोलायला लागतात.

२०१९ मध्ये इस्रायलमध्ये एव्हा हेमन या १३ वर्षांच्या मुलीच्या खऱ्या डायरीवरून इन्स्टाग्राम स्टोरीज केल्या गेल्या, तिच्या हातात स्मार्टफोन असता तर, अशी कल्पना करून. त्यावर खूप वाद झाला. मला तो प्रयोग टाकाऊ वाटत नाही. पण त्यामागे व्यावसायिक चमू होता आणि मुलीचे स्वतःचे शब्द हाताशी होते. आपल्यापैकी कुणी घरी बसून तसं करू नये.

मराठी दुवा जोडताना

दुवा खरा असेल तरच जोडा. एक मोठा खरा दुवा आपल्या कानावरून गेलेला असतो: आकाशवाणीची सकाळची धून. ती ज्यांची मानली जाते ते वॉल्टर कॉफमन मध्य युरोपातल्या ज्यू कुटुंबातले संगीतकार. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात काम करू लागले. ती धून वाजवून रील सुरू केलीत, तर आजीआजोबासुद्धा थांबून ऐकतील.

कोल्हापूरजवळच्या वळिवडेची गोष्ट मात्र जपून सांगा. १९४३ पासून तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. कोल्हापूरने त्यांना माया दिली, त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण ‘हिटलरच्या छावण्यांतून सुटलेले ज्यू’ असं म्हणून ती गोष्ट फिरवली जाते, ते चूक आहे. त्यातले बहुतेक ख्रिस्ती होते आणि त्यांना स्टालिनच्या राजवटीने सायबेरियाकडे हाकललं होतं. दोन्ही दुःखं खरी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

कमेंट्सची तयारी आधीच

आपल्याकडे हिटलर हे नाव कडक शिस्तीसाठी सहज वापरलं जातं. २००६ मध्ये खारघरला एका हॉटेलला त्याचं नाव दिलं होतं. ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर ते बदललं. तेव्हा ‘देशाला हिटलरच हवा’ अशी कमेंट येणार, हे धरून चाला. चिडू नका. एवढंच लिहा, की १९४० ते १९४१ या काळात त्याच राजवटीने स्वतःच्याच देशातल्या ७० हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्णांना गॅस देऊन मारलं. हे बऱ्याच जणांना खरोखर माहीत नसतं, आणि काही जण पुढे प्रश्न विचारतात. ‘मी थोडे ज्यू मुद्दाम जिवंत ठेवले’ या अर्थाचं वाक्य हिटलरच्या नावाने फिरतं. त्याला कसलाही पुरावा नाही, तेही सांगा.

गाझाबद्दलही विचारलं जाईल. कळकळीने विचारणाऱ्याला उडवून लावू नका, त्याची कमेंट पुसू नका. हा व्हिडिओ कोणाबद्दल आहे ते शांतपणे सांगा. ज्यूंना सरसकट शिव्या घालणाऱ्या कमेंट्स मात्र ठेवू नका.

होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका. प्रत्येक उत्तराने त्याची कमेंट वर येते. लपवा, रिपोर्ट करा आणि तुमच्या माहितीचा स्रोत पिन करा. युनेस्कोने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत टेलिग्रामवरच्या होलोकॉस्टविषयक सार्वजनिक मजकुरापैकी ४९ टक्के मजकूर नाकारणारा किंवा विपर्यास करणारा निघाला. म्हणून तिथल्या ग्रुपमधून आलेलं काहीही तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका.

पोस्ट झाल्यावर

जर्मनीतल्या आरोलसेन अभिलेखागाराचा ‘एव्हरी नेम काउंट्स’ नावाचा उपक्रम आहे. नाझी छावण्यांची जुनी कार्डं स्क्रीनवर येतात. त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचून तुम्ही टाइप करायचं, म्हणजे ती नावं शोधता येतात. एकाच कार्डाची नोंद एकाहून जास्त जण करतात, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तरी ते लक्षात येतं. कॉलेजच्या चार मित्रमैत्रिणींना घेऊन एका दुपारी बसा. अवघड हस्ताक्षराची कार्डं एकमेकांना दाखवा. २७ जानेवारीला, ऑशविट्झ मुक्त झालं त्या तारखेला, व्हिडिओ टाकायचा असेल तर हे डिसेंबरातच करा. कार्डं वाचताना तुमच्या पुढच्या रीलचं नाव बहुधा तिथेच सापडेल.