हेपटायटिस सीचा जीनोटाइप ठरवताना या चुका टाळा

अहवालावर 'जीनोटाइप १बी' (विषाणूचा जनुकीय प्रकार १, उपप्रकार बी) असं छापून आलं की हे विषाणूच्या कोणत्या तुकड्यावरून ठरवलं, असं सहसा कुणी विचारत नाही. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइड (अक्षरं) लांब. त्याच्या सुरुवातीचा ५-प्राइम यूटीआर (प्रथिन न बनवणारा भाग) सगळ्या प्रकारांत जवळजवळ सारखा असतो. विषाणू आहे की नाही हे बघायला म्हणूनच तो उत्तम, आणि उपप्रकार ओळखायला म्हणूनच कुचकामी. १ए आणि १बी यांना वेगळं करणारी इथली एक-दोन अक्षरं दरवेळी भरवशाची नसतात. आग्नेय आशियात आढळणाऱ्या जीनोटाइप ६चे कित्येक उपप्रकार तर इथे हुबेहूब १सारखे दिसतात. लायपा या पट्टीवरच्या जीनोटाइप चाचणीच्या दुसऱ्या आवृत्तीत कोअर या शेजारच्या भागाचे प्रोब (तो भाग ओळखणारे तुकडे) घालावे लागले ते यामुळेच. तरीही 'यूटीआरचा पीसीआर (तुकड्याच्या प्रती वाढवणं) सोपा लागतो' म्हणून त्यावरच अख्खं सर्वेक्षण उरकणारे आहेतच. सोपा लागतो हे खरं, पण प्रश्न उपप्रकाराचा होता.

याची किंमत २के/१बी या संकरित विषाणूने दाखवून दिली. सेंट पीटर्सबर्गमधल्या रुग्णांत सापडलेल्या या विषाणूची नोंद २००२ साली झाली. त्याचं पुढचं टोक २केचं, शेवटाकडचा एनएस५बी हा भाग १बीचा आणि सांधा एनएस२ या भागाच्या आसपास. यूटीआरवर तपासलं की उत्तर 'जीनोटाइप २'. त्या उत्तरावर सोफोसबुविर आणि रिबाविरिन ही औषधं दिलेल्या काही रुग्णांत आजार उलटला, आणि मग सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) काढल्यावर संकर उघडा पडला. औषधावर खापर फुटलं असतं, चूक मात्र तुकडा निवडण्यातली होती.

म्हणून सवय अशी लावा: एनएस५बीचा साडेतीनशेच्या आसपास न्यूक्लिओटाइडचा तुकडा आणि कोअर-ई१ (कोअर आणि त्याला लागून असलेला ई१), दोन्ही वाचायचे. सगळ्या नमुन्यांना परवडत नसेल तर निदान जिथे २ आलं आहे तिथे तरी. दोन्ही जुळले तरच उपप्रकार लिहायचा. फक्त यूटीआर हाती असेल तर 'जीनोटाइप १' लिहून थांबायचं आणि जिथे ६ आढळतो तिथे तेवढंही जपून. एनएस५बी लागला नाही तर तेच प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे तुकडे) तिसऱ्यांदा चालवू नका. तो भाग बदलता आहे, प्रायमर बसत नसतील, कोअर-ई१कडे वळा.

दुसरी आवडती चूक नेस्टेड पीसीआरमधली, म्हणजे लागोपाठ दोन फेऱ्यांच्या पीसीआरमधली. पहिल्या फेरीच्या ट्यूबमध्ये प्रती अब्जावधींनी असतात. ती ट्यूब ज्या टेबलावर उघडली त्याच टेबलावर दुसऱ्या दिवशी आरएनए काढायला बसणारे उत्साही नवशिके भेटतात. मग सगळ्या रुग्णांना ३ए निघतो आणि 'प्रसार झाला' असा निष्कर्ष तयार! एकमेकांशी संबंध नसलेल्या रुग्णांचे एनएस५बी तुकडे अक्षर न् अक्षर सारखे आले तर आधी स्वतःच्या पिपेटवर संशय घ्या. पॉझिटिव्ह कंट्रोल (मुद्दाम ठेवलेला विषाणू असलेला नमुना) आणि मागच्या आठवड्यांचे सिक्वेन्स त्याच वंशवृक्षात (सिक्वेन्सची नाती दाखवणारी आकृती) घालून बघा, चोर बहुधा तिथेच सापडतो.

निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नसलेला नमुना) आरएनए काढण्यापासून दुसऱ्या फेरीपर्यंत न्यायचा. पीसीआरच्या वेळी पाणी टाकून भागत नाही. खोल्या वेगळ्या, फिल्टर टिपा, आणि टेबल पुसायला ताजं हायपोक्लोराइट. नुसत्या यूव्ही दिव्यावर विसंबू नका, छोटे तुकडे त्यातून तगतात. डीयूटीपी (प्रतींत टीऐवजी यू घालणारा घटक) दोन्ही फेऱ्यांत चालेल, पण यू असलेल्या जुन्या प्रती कापणारं यूएनजी एन्झाइम पहिल्याच फेरीत. दुसरीत घातलं की ते तुमचाच साचा कापून टाकतं आणि मग 'किट खराब आहे' अशी तक्रार येते.

बाकीच्यांना फार शब्द खर्चायला नकोत. हेपारिनच्या ट्यूबमधलं रक्त पीसीआर अडवतं, ईडीटीएची ट्यूब घ्या (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं). प्लाझ्मा सहा तासांच्या आत वेगळा करून उणे ७० अंशांखाली ठेवा आणि छोट्या भागांत वाटून ठेवा, म्हणजे पुन्हापुन्हा वितळवावं लागणार नाही. अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू रक्तात आहेच असं नाही, आधी आरएनए मोजा. सिक्वेन्सिंगच्या आलेखात एकावर एक शिखरं दिसली तर मिश्र संसर्ग म्हणण्याआधी नवीन ट्यूबमधून पुन्हा आरएनए काढा. उलट सँगर या सिक्वेन्सिंग पद्धतीत १५-२० टक्क्यांखालचा दुसरा प्रकार दिसतच नाही, त्यामुळे 'मिश्र संसर्ग नाही' असंही ठामपणे लिहू नका. ब्लास्ट या सिक्वेन्स जुळवून शोधणाऱ्या साधनातलं पहिलं नाव उचलून अहवालात टाकणं हा आळस आहे. जुन्या नोंदींवरची लेबलं चुकलेली असतात. संदर्भ सिक्वेन्ससह वृक्ष काढा, बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची याचा आकडा) ७०च्या खाली असेल तर उपप्रकार सोडून द्या.

टक्केवारी काढताना 'ठरला नाही' हे नमुने गाळू नका. त्यांत विषाणू कमी असलेले आणि प्रायमर न बसलेले वेगळे प्रकार असतात, म्हणजे गाळल्यावर नेमके नेहमीचेच प्रकार फुगतात. तक्त्यात त्यांची स्वतंत्र ओळ ठेवा आणि नमुने रक्तदात्यांचे, डायलिसिसवरच्या रुग्णांचे की सुईने नशा करणाऱ्यांचे, हे त्याच तक्त्याच्या डोक्यावर लिहा.