कोंबड्यांच्या खळ्यात टर्की पाळायची तर आधी जमीन वाटून घ्या

खळ्यात दहा-पंधरा गावरान कोंबड्या असल्या की चार टर्की त्यांच्यातच सोडून द्याव्यात, असं कुणालाही वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी अकरा पिल्लं आणली आणि दीड महिन्याची झाल्यावर कोंबड्यांसोबत मोकळी सोडली. शेजारच्या आजी रोज कौतुकाने बघायच्या, "हाई कोंबडी शे का मोर?" महिनाभरात त्यातली सात मेली. पंख सोडून, मान आत ओढून बसायची. विष्ठा गंधकासारखी पिवळीधमक. कोंबड्या मात्र धडधाकट होत्या, म्हणून आजार त्यांच्याकडून आला असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

या आजाराला ब्लॅकहेड म्हणतात. त्याचा सूक्ष्मजंतू कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांत दडून राहतो. ती अंडी विष्ठेतून जमिनीत जातात आणि वर्षानुवर्षं टिकतात. गांडुळं ती गिळतात, टर्की गांडुळं वेचतात. कोंबडी बहुतेक वेळा हा आजार पचवते. टर्कीचं यकृत मात्र पोखरलं जातं. एकदा आजार दिसला की हमखास बरं करणारं औषध हाताशी नसतं. म्हणून पिल्लं आणण्याच्या आधीच जागेचा बंदोबस्त करायचा.

जागा

कोंबड्या जिथे कधी फिरल्या नाहीत असा तुकडा निवडा. आपली खानदेशातली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि गांडुळं वर येतात, त्यामुळे त्या तुकड्यावर वीतभर मुरूम टाकून तो उंच करा. मोठ्या पक्ष्याला रात्रीच्या निवाऱ्यात निदान 4-5 चौरस फूट जागा लागते. कुंपणाला पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) चालतील, पण आतून जाळी हवीच. मुंगूस पऱ्हाट्यांतून सहज शिरतं. टर्कीला उंचावर बसायची सवय असते, तेव्हा मनगटाएवढ्या जाड लाकडाची बैठक करून द्या. कोंबड्यांच्या खुराड्यातलं पाणी वाहून टर्कीकडे येणार नाही एवढा उतार बघून घ्या.

टर्कीच्या दारात एक चपलांचा जोड वेगळा ठेवा. सकाळी आधी टर्कीचं काम, मग कोंबड्यांचं. खराटा, घमेलं, पाण्याची भांडी यांची अदलाबदल नको. ऐकायला जाचक वाटतं, पण आठवड्याभरात हाताला वळण पडतं. सोबत पशुवैद्यकाला विचारून दोन्हीकडच्या पक्ष्यांना जंताचं औषध वेळच्या वेळी द्या.

पिल्लं आणणं

आपल्याकडे दिवाळीनंतरचा काळ बरा. जमीन वाळलेली असते आणि एप्रिल-मेचा 44-45 अंशांचा तडाखा येईपर्यंत पिल्लं मोठी झालेली असतात. थंडीत बल्ब लागतोच. पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तापमापक नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडी टाकत असतील तर उकडतंय. कोपरे पुठ्ठ्याने गोल करा, नाहीतर एकमेकांवर चढून खालची गुदमरतात.

टर्कीचं पिल्लू खायला-प्यायला उशिरा शिकतं. दाण्याशेजारी उभं राहून उपाशी मरतं, हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. पसरट भांड्यात पाणी घालून त्यात रंगीत गोट्या टाका; चमक बघून ती चोच मारतात आणि उथळ पाण्यात बुडतही नाहीत. पहिले दोन दिवस प्रत्येकाची चोच हळूच पाण्याला लावा. उकडलेलं अंडं बारीक चुरून खाद्यावर भुरभुरा. शिकवायला म्हणून काही जण सोबत कोंबडीची पिल्लं सोडतात. मी सोडत नाही.

खाद्य

कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य टर्कीला कमी पडतं. सुरुवातीला साधारण 28 टक्के प्रथिनं लागतात, म्हणून टर्कीचं खाद्य मागवा. नाही मिळालं तर प्रथिनांचा मेळ पशुवैद्यकाकडून बसवून घ्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य वाढत्या टर्कीला देऊ नका, त्यात चुना फार असतो. मोठी झाली की लसूणघास कापून टांगा, आवडीने खातात. दादरचे (रब्बी ज्वारीचे) दाणे, मका हे वरखाद्य.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. बुरशी लागलेला मका किंवा भुईमुगाची ढेप टर्कीला दाखवूसुद्धा नका. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की अशाच ढेपेने मेल्या आणि त्या शोधातूनच अफलाटॉक्सिन हे विष सापडलं. पावसात भिजलेला मका 'कोंबड्यांना होईल' म्हणून आपण बाजूला ठेवतो. वास कुबट आला की तो उकिरड्यात टाका.

लस आणि उन्हाळा

रानीखेत (मानमोडी) आणि देवी या आजारांच्या लसी सरकारी दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या. 2006 मध्ये आपल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता; एकाएकी पक्षी मरायला लागले तर न लपवता लगेच कळवा. उन्हाळ्यात ओली गोणपाटं बांधा, पाणी मातीच्या परातीत सावलीला ठेवा आणि खाद्य पहाटे व दिवस मावळताना द्या.

अंडी

साधारण 30 आठवड्यांनी मादी अंडी घालू लागते. ठिपकेदार अंडं, 85 ग्रॅमच्या आसपास. पाच माद्यांमागे एक नर पुरतो. घरात खुडूक (अंड्यांवर बसायला आलेली) गावरान कोंबडी असली की ही अंडी तिच्याखाली ठेवायचा मोह होतो. ठेवा, पण तिला आधी जंताचं औषध द्या. तिला एका वेळी सात-आठच अंडी झेपतात. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस, टर्कीच्या अंड्याला 28. बसवल्याची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पिल्लं सुकली की त्याच दिवशी कोंबडीखालून काढून बल्बखाली न्या. कोंबडी दोन दिवस आरडाओरडा करते. तरी परत देऊ नका.